शाळेची चूल विझू नये म्हणून: सिएरा लिओनमधल्या शाळांसाठी परदेशी धान्यमदत पुढे मागताना

मदतीचा करार संपायला दीड वर्ष शिल्लक असेल, तर तुम्ही वेळेवर वाचताय. सहाच महिने उरले असतील, तर आधी शेवटचा भाग वाचा आणि मग इथे परत या. तेव्हा अर्जापेक्षा मधल्या रिकाम्या महिन्यांची सोय करणं जास्त निकडीचं असतं.

पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन मार्च १९९१ पासून जानेवारी २००२ पर्यंत यादवी युद्धात होरपळला. शाळा जळाल्या, मुलांच्या हातात बंदुका आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तिथे भारतीय सैनिकही होते. जुलै २००० मध्ये कैलाहुनला वेढ्यात अडकलेल्या आपल्या जवानांना ‘ऑपरेशन खुकरी’ करून सोडवलं गेलं. युद्धातून देश सावरत होता तोवर २०१४ मध्ये इबोला आला आणि शाळा जवळपास नऊ महिने बंद राहिल्या. अशा देशात काम करणाऱ्या, किंवा जायच्या तयारीत असलेल्या मराठी कार्यकर्त्यांसाठी हे लिहितो आहे. शेजारच्या लायबेरियातही यातलं बरंचसं लागू पडतं.

देणारे पहिला प्रश्न हाच विचारतात: युद्ध संपून वीस वर्षं उलटली, अजून बाहेरचं धान्य कशाला? प्रश्न कठोर वाटतो, पण रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून पोरांच्या भुकेची वर्णनं पाठवली जातात. भूक खरीच असते, पण ती शंभर अर्जांत सारखीच असते. मागे आलेल्या प्रत्येक पोत्याचं काय झालं आणि बाहेरचं पोतं कधीपासून लागणार नाही, या दोन गोष्टी सांगणारे अर्ज फार थोडे. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन उत्तरांकडे नेणाऱ्या आहेत.

घड्याळ उलटं लावा

तिथलं शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि जुलैत संपतं. पाऊस मे ते ऑक्टोबर, आणि तो कोकणासारखा कोसळणारा. आतल्या तालुक्यांचे कच्चे रस्ते जूननंतर ट्रकला साथ देत नाहीत. घरातलं भाताचं धान्य संपतं तेही याच काळात, जून ते सप्टेंबर. मुलांना जेवणाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच रस्ता बंद, हे तिथलं मूळ दुखणं.

आता उलटं मोजा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताट वाढायचं आहे. म्हणजे धान्य मे महिन्यात जिल्ह्याच्या गोदामात हवं. अमेरिकेतून येणार असेल तर खरेदीचा आदेश निघाल्यापासून राजधानी फ्रीटाउनच्या बंदरात उतरेपर्यंत चार ते सहा महिने सहज जातात. त्यात अमेरिकी कायद्याप्रमाणे अशा मदतीतला निम्मा तरी माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून न्यावा लागतो, त्यामुळे हवं तेव्हा हवं ते जहाज मिळतंच असं नाही. म्हणजे खरेदी आदल्या नोव्हेंबरात. करार त्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. अर्ज त्याच्याही आधी, उन्हाळ्यात. आणि अर्जात घालायचे आकडे त्या वर्षीच्या जानेवारीपासून नीट जमवलेले हवेत. झाले की वीस महिने.

हे वेळापत्रक कागदावर मांडून शाळा व्यवस्थापन समितीच्या खोलीत भिंतीवर लावा. ‘अजून वर्ष आहे’ असं म्हणणाऱ्याला तारखा दाखवणं सोपं जातं.

कोणाच्या दारात जायचं

एकट्या शाळेला परदेशी सरकारकडे थेट अर्ज करता येत नाही, आणि करूही नये. या कामातला मोठा स्रोत म्हणजे अमेरिकेचा मॅकगव्हर्न-डोल कार्यक्रम. २००२ च्या शेती कायद्याने तो सुरू झाला, अमेरिकेचं कृषी खातं तो चालवतं आणि अनुदान काही वर्षांच्या मुदतीचं असतं. त्यासाठी अर्ज करतात त्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, सरकारं, किंवा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम. उत्तरेकडच्या कोइनाडुगु भागात कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थेने याच अनुदानावर ‘ऑल पिकिन फॉर लर्न’ हा प्रकल्प चालवला. क्रिओ भाषेत पिकिन म्हणजे लेकरू. प्रत्येक लेकराने शिकावं, असा त्या नावाचा अर्थ.

शाळेची बाजू साखळीने वर जाते. शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघटना, मग चीफडमचा (गावांच्या पारंपरिक गटाचा) पॅरामाउंट चीफ म्हणजे प्रमुख, मग जिल्हा परिषद, मग मूलभूत आणि उच्च माध्यमिक शिक्षण मंत्रालय आणि त्याचं शालेय भोजन सचिवालय, आणि शेवटी अर्ज करणारी संस्था. प्रत्येक पायरीवर एक पत्र मिळवायचं. पॅरामाउंट चीफचं पत्र परदेशी माणसाला शोभेचं वाटतं. तसं नाही. मुलींना शाळेत पाठवलंच पाहिजे, शाळेच्या गोदामाकडे कुणी वाकडी नजर टाकता कामा नये, असे गावनियम तोच करू शकतो. त्याच्या पत्रात फक्त ‘पाठिंबा आहे’ असं नको. कोणता नियम केला, कधी केला, हे हवं.

मंत्रालयाचं पत्र सगळ्यात उशिरा येतं, म्हणून ते सगळ्यात आधी मागा. देशाचं शालेय भोजन धोरण २०२१ मध्ये आलं आहे. तुमची मागणी त्या धोरणातल्या कुठल्या कलमात बसते ते स्वतः शोधून पत्राचा कच्चा मसुदा सोबत न्या. अधिकाऱ्याला कोऱ्या कागदापेक्षा मसुदा दुरुस्त करणं कमी वेळाचं काम असतं.

तीन वह्या

सगळ्या अर्जाचा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

शाळेत तीन वह्या हव्यात. पहिली वर्गांची हजेरी. दुसरी कोठीची: किती पोती आली, किती उघडली, किती खराब झाली, किती उरली. तिसरी ताटांची: आज प्रत्यक्ष किती मुलांना वाढलं, त्यात मुली किती, मुलगे किती. पहिल्या दोन बहुतेक शाळांत असतात. तिसरी नसते, हजेरीचाच आकडा ताटांचा म्हणून उतरवला जातो. चूक इथेच होते. एखाद्या दिवशी पाणी नव्हतं म्हणून चूलच पेटली नाही, तरी वहीत दोनशे ताटं दिसतात आणि धान्य मात्र तेवढंच शिल्लक असतं. तपासनीस आला की पहिल्या दहा मिनिटांत हे उघडं पडतं.

दर शुक्रवारी तिन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा घ्या. समजा पाच दिवसांत २१२, १९८, २२०, २०५ आणि १९० ताटं वाढली. एकूण १०२५. ताटामागे १५० ग्रॅम तांदूळ धरला, तर लागला १५३ किलो ७५० ग्रॅम. कोठीच्या वहीप्रमाणे ५० किलोची चार पोती उघडली, चौथ्यात ४६ किलो उरले, म्हणजे १५४ किलो गेला. पाव किलोचा फरक, उत्तम. हाच फरक वीस किलोंचा निघाला, तर त्याच शुक्रवारी कारण शोधायचं. सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही.

बऱ्याचदा कारण चोरीचं नसतं, मापाचं असतं. तिथे बाजारात तांदूळ कपाने, म्हणजे डब्याच्या मापाने विकतात, आणि स्वयंपाकीणबाई त्याच सवयीने डबा भरभरून घालते. काट्यावर तिचा डबा तीन वेळा भरून तोला, सरासरी काढा आणि डब्यावर रंगाने खूण करा. आपल्याकडे पायलीत शीग लावून आणि सपाट मापून फरक पडतो, तसंच हे. बल्गर आला तर पुन्हा तोला. बल्गर म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू, आपल्या दलियाचा भाऊ. त्याचं माप तांदळाच्या मापाशी जुळेलच असं धरून चालू नका.

जुन्या वह्यांत चुका असतील तर त्या खोडून नव्याने लिहू नका. हे कळकळीने सांगतो आहे. एकाच शाईत, एकाच हाताने, एकाही डागाशिवाय लिहिलेली दोन वर्षांची वही अनुभवी डोळ्याला लगेच खटकते, आणि त्या एका शाळेमुळे अख्ख्या जिल्ह्याचे आकडे संशयात येतात. त्यापेक्षा वेगळ्या पानावर लिहा: अमुक महिन्यात नोंद झाली नाही, कारण मुख्याध्यापक आजारी होते, तेव्हापासून दुसऱ्या शिक्षकाला जबाबदारी दिली. चूक कबूल करून दुरुस्ती दाखवणारी शाळा देणाऱ्याला भरवशाची वाटते.

जेवण न झालेल्या दिवसांचाही हिशेब हवा. पाणी नव्हतं, सरपण ओलं होतं, गावात मयत होतं, ट्रक अडकला. चार-पाच कारणांचे ठरलेले शब्द करून घ्या आणि रोज त्यातला एक लिहा. वर्षअखेरीस कळतं की पस्तीस दिवस चूल पेटली नाही आणि त्यातले वीस दिवस पाण्यामुळे. मग अर्जात विहिरीसाठी पैसे मागता येतात, तेही पुराव्यानिशी.

गरज दाखवताना फसवणारे आकडे

‘जेवण सुरू झाल्यापासून पट दुपटीने वाढला’ असं वाक्य लिहायच्या आधी चार गोष्टी तपासा.

इबोलाच्या काळात, जुलै २०१४ ते एप्रिल २०१५, शाळा बंद होत्या. २०२० मध्ये कोरोनाने पुन्हा बंद झाल्या. या वर्षांशी तुलना केली तर काहीही वाढलेलंच दिसेल. २०१७ मध्ये जिल्ह्यांची फेररचना होऊन कोइनाडुगुतून फलाबा वेगळा झाला आणि उत्तरेत करेने हा नवा जिल्हा आला. २०१६ चा कोइनाडुगु आणि आजचा कोइनाडुगु एकच नाहीत; जिल्ह्याचे जुने आकडे सरळ शेजारी मांडता येणार नाहीत. २०१८ पासून सरकारने मोफत शिक्षणाची योजना सुरू केली, त्यानेही पट वाढला. तो सगळा जेवणाच्या खात्यावर जमा करणं खोटं ठरेल. आणि मार्च २०२० पर्यंत गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी होती. ती उठल्यावर वरच्या वर्गांतल्या मुलींचे आकडे बदलले ते त्यामुळेही.

मग जेवणाचा परिणाम दाखवायचा कसा? सगळ्यात स्वच्छ पुरावा शाळेच्या स्वतःच्या वह्यांत असतो. ताटांच्या वहीवरून जेवण झालेले आणि न झालेले दिवस वेगळे करा, आणि दोन्हींतली हजेरी काढा. शक्य तर एकाच सत्रातली, एकाच वर्गातली. त्यातही आठवड्याच्या बाजाराचा दिवस बाजूला काढा. त्या दिवशी मुलं आईबरोबर बाजारात जातात, चूल पेटो न पेटो. दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा डोकी मोजलीत तर अजून बोलका आकडा मिळतो: जेवण नसलेल्या दिवशी किती मुलं सुट्टीत घरी गेली ती परतलीच नाहीत.

शिवाय मॅकगव्हर्न-डोलचे दोन हेतू आहेत, मुलांचं वाचन सुधारणं आणि आरोग्य व आहाराच्या सवयी सुधारणं. धान्य मागणाऱ्यांना हे शेवटच्या क्षणी कळतं आणि मग वाचनाबद्दल दोन मोघम वाक्यं घातली जातात. वर्षातून दोनदा दुसरी-तिसरीतल्या प्रत्येक मुलाला एक मिनिट मजकूर वाचायला द्या, अचूक वाचलेले शब्द मोजा, लिहून ठेवा. हात धुण्याची जागा, संडास, जंतांच्या गोळ्यांचा दिवस, यांच्याही साध्या नोंदी ठेवा.

मागणी किलोत करा

‘आमच्या शाळेला पुरेसं धान्य मिळावं’ ही मागणी नव्हे. पटावर ३०० मुलं आहेत, पण जेवणाच्या दिवशी सरासरी २४० हजर असतात. मागणी २४० ची करा आणि ३०० का नाही ते एका ओळीत लिहा. पटावरचा मोठा आकडा लावायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि जास्तीचं धान्य कोठीत पडून किडलं की पुढचा अर्ज तिथेच मरतो.

ताटाचं प्रमाण समजा असं: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ किंवा चवळी ३० ग्रॅम, तेल १० ग्रॅम. यातून साधारण ७०० उष्मांक मिळतात. शाळेचे १८० दिवस धरले तर:

तांदूळ रोज ३६ किलो, वर्षाला ६४८० किलो, म्हणजे ५० किलोची १३० पोती.
डाळ रोज ७ किलो २०० ग्रॅम, वर्षाला १२९६ किलो, म्हणजे २६ पोती.
तेल रोज २ किलो ४०० ग्रॅम, वर्षाला ४३२ किलो. अमेरिकी तेल चार लिटरच्या डब्यांत, एका खोक्यात सहा असं येतं. अशी २० खोकी लागतील.

आयोडीनयुक्त मीठ वेगळं धरा, ते स्थानिक बाजारात मिळतं. मग हेच गणित तीन सत्रांत वाटा आणि तिसऱ्या सत्राचं, म्हणजे एप्रिल ते जुलैचं धान्य पावसाआधी एकदम शाळेत पोचवायचं असं स्पष्ट लिहा. तेवढ्या पोत्यांना कोठी पुरते का, हेही त्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

पैशांचे जुने आकडे उतरवताना एक सावधगिरी: जुलै २०२२ मध्ये देशाच्या लिऑन या चलनातली तीन शून्यं काढून टाकली गेली. आधीच्या कागदांवर दहा लाख दिसत असतील तर ते आजचे एक हजार. दोन्ही प्रकारचे आकडे एकाच तक्त्यात मिसळले की अंदाजपत्रक हास्यास्पद दिसतं, म्हणून प्रत्येक रकमेपुढे जुने की नवे ते लिहा.

कोठीबद्दल थोडक्यात. पोती जमिनीला टेकवू नका, लाकडी फळ्यांवर रचा; भिंतीपासून हातभर अंतर ठेवा; आधी मुदत संपणारं पोतं आधी उघडा; छपराची गळती एप्रिलमध्ये बघा. कुलपं दोन असावीत, किल्ल्या दोघांकडे, आणि त्यातली एक मुलांच्या आयांच्या गटातल्या बाईकडे. अर्जाला कोठीचा फोटो जोडा, आतला आणि बाहेरचा.

गाव काय देतं, आणि त्याची किंमत कोण मोजतो

सरपण, पाणी, भाजीचा पाला, लाल पामतेल, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे हात, हे सगळं गाव देत असतं. अर्जात ते ‘लोकसहभाग’ या एका शब्दात गुंडाळतात. तसं करू नका, मोजा. आठवड्याला सरपणाचे किती भारे, कसाव्याच्या पाल्याच्या किती जुड्या, किती बायका किती तास. बाजारभावाने त्याची किंमत लावा. देणाऱ्याला दिसलं पाहिजे की त्याचं धान्य हा ताटाचा एक भाग आहे, अख्खं ताट नव्हे.

पण इथे एक गोष्ट मला मनापासून खुपते. बायकांचं हे काम फुकट आहे, म्हणून प्रकल्प स्वस्त आहे, असा युक्तिवाद अर्जांमध्ये अभिमानाने केलेला असतो. पहाटे पाणी भरायचं, ओल्या लाकडांच्या धुरात दोन-अडीचशे मुलांचा भात रांधायचा आणि मग स्वतःच्या शेतावर जायचं, याला स्वस्त म्हणू नये. आपल्याकडेही शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये मानधन ठरवलं, आणि वाढीसाठी त्यांना पुन्हा पुन्हा मोर्चे काढावे लागले. तुमच्या अंदाजपत्रकात स्वयंपाकिणींच्या मानधनाची ओळ घाला. ती कापली गेली तर कापणाऱ्याने कापू दे; तुम्ही स्वतः कापू नका. निदान कमी सरपणात चालणाऱ्या सुधारित चुली तरी मागा.

उतरती शिडी

आता दुसरं उत्तर: बाहेरचं धान्य कधी लागणार नाही? यासाठी वर्षागणिक उतरती शिडी लिहावी लागते. बहुतेक अर्ज इथे ‘हळूहळू सरकार जबाबदारी घेईल’ असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. त्या वाक्याला काही अर्थ नाही. कोणता पदार्थ, कोणत्या वर्षी, कोणाकडून, हे हवं.

एक नमुना. पहिल्या वर्षी तांदूळ, डाळ, तेल सगळं बाहेरचं. भाजी आणि मीठ गावचं. दुसऱ्या वर्षी तेल गावचं, कारण पामतेल तिथे पिकतंच. फक्त बाहेरच्या तेलातलं अ आणि ड जीवनसत्त्व कसं भरून काढणार ते लिहायला हवं. लाल पामतेलात अ जीवनसत्त्व देणारा घटक भरपूर असतो, ड चं उत्तर शोधावं लागेल. तिसऱ्या वर्षी चवळी आणि भुईमूग जिल्ह्यातल्या शेतकरी गटांकडून. चौथ्या वर्षी एका सत्राचा तांदूळ दऱ्यांमधल्या पाणथळ भातखाचरांतून. जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथे लहान शेतकऱ्यांची अशी खाचरं दुरुस्त करून त्यांचा तांदूळ शाळांसाठी विकत घ्यायला सुरुवात केली आहे; जवळच्या गटाचं नाव, खाचराचं क्षेत्र आणि मागच्या हंगामाचं उत्पन्न अर्जात घाला. मॅकगव्हर्न-डोलमध्येही अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्याने १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक खरेदीवर वापरायची मुभा आली, ती मागायला विसरू नका. पाचव्या वर्षी सरकारच्या अंदाजपत्रकातली रक्कम किती आणि ती कोणत्या महिन्यात हातात येते, हे दोन्ही लिहा. मंजूर रक्कम आणि मिळालेली रक्कम यांत अंतर असेल तर लपवू नका.

शिडी खोटी वाटू नये म्हणून दुसऱ्या देशांचे दाखले देता येतात. नेपाळमध्ये २००६ ला यादवी संपली. तिथे डोंगरी जिल्ह्यांत परदेशी पिठाचा हलवा मुलांना मिळायचा. त्याच्या जागी सरकारचा स्वतःच्या पैशाचा ‘दिवा खाजा’, म्हणजे शाळेतलं दुपारचं खाणं, टप्प्याटप्प्याने आला. आपला अनुभवही सांगण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच प्रकार) महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना आजही आठवतो. १५ ऑगस्ट १९९५ ला देशभर शालेय आहार योजना सुरू झाली ती देशातल्याच धान्यावर, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोरड्या धान्याच्या जागी शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क झाला. दान संपून हक्क सुरू झाला तो सरकारी अंदाजपत्रक आणि न्यायालय यांच्या जोरावर, हे तिथल्या मंत्रालयाशी बोलताना मी नक्की सांगेन.

शाळेचं पत्र

मूळ पत्र इंग्रजीत जाईल, पण आधी समितीच्या बैठकीत ते क्रिओत किंवा मेंडे, तेम्ने, कुरांको अशा गावच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. सही करणाऱ्याला मजकूर माहीत असला पाहिजे. मजकूर साधारण असा असावा:

‘आमच्या शाळेत पटावर ३०० मुलं आहेत. गेल्या वर्षी १८० पैकी १४५ दिवस जेवण झालं. ३५ दिवस झालं नाही, त्यातले २० पाण्याअभावी. जेवणाच्या दिवशी सरासरी २४० मुलं हजर होती, इतर दिवशी १७०. आलेल्या १०८ पोती तांदळापैकी २ पोती छप्पर गळून खराब झाली. छप्पर एप्रिलमध्ये गावाने दुरुस्त केलं. पुढच्या वर्षासाठी आम्ही १३० पोती तांदूळ, २६ पोती डाळ आणि २० खोकी तेल मागतो. दुसऱ्या वर्षापासून तेल आम्ही स्वतः देऊ. सरपण, पाणी आणि भाजी गावाची आहे. सहा बाया आळीपाळीने रांधतात, त्यांना मानधन मिळावं अशी आमची विनंती आहे. वह्या कोणत्याही दिवशी, न कळवता येऊन पाहाव्यात.’

यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. शेवटचं वाक्य मात्र तसंच ठेवा, आणि ते लिहिण्याइतपत वह्या तयार नसतील तर पत्र महिनाभर थांबवा. सह्या मुख्याध्यापक, समितीचा अध्यक्ष, आयांच्या गटाची प्रमुख आणि चीफ यांच्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, आणि पुढे स्वच्छ अक्षरात नाव.

उत्तर ‘नाही’ आलं, किंवा उशिरा आलं तर

हा भाग आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली. १ जुलै २०२५ ला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचं काम थांबलं, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मॅकगव्हर्न-डोल कार्यक्रम रद्दच करावा असा प्रस्ताव सरकारने मांडला, आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने आपल्याकडे येणाऱ्या पैशात सुमारे ४० टक्के घट होईल असा अंदाज दिला. चांगला अर्जही आता नाकारला जाऊ शकतो, आणि त्यात शाळेचा दोष नसेल.

म्हणून अर्ज चालू असतानाच दुसरी दारं ठोठवा. देणारे फक्त पश्चिमेकडचेच असतात असं नाही. २००२ नंतर भारताने अफगाणिस्तानला गहू देऊ केला. पाकिस्तानातून तो नेणं जमेना, तेव्हा त्यातल्या काही गव्हाची जास्त प्रथिनांची बिस्किटं करून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत तिथल्या जवळपास २० लाख शाळकरी मुलांना रोज १०० ग्रॅम दिली गेली. फ्रीटाउनमधल्या वेगवेगळ्या दूतावासांत दोन पानी टिपण घेऊन जाणं, तिथल्या व्यापाऱ्यांशी बोलणं, परदेशी गेलेल्या गावकऱ्यांच्या संघटनांना गाठणं, यात कमीपणा नाही. लहान देणगीदाराकडे धान्य मागू नका. त्याच्याकडे पाण्याची टाकी, काटा, चूल, कोठीचं छप्पर मागा. या वस्तू मदत थांबली तरी उरतात.

मधल्या काळात धान्य अपुरं असेल तर सगळ्यांना अर्धं ताट देण्याआधी समितीला विचारा. मला विचाराल तर आधी लहान वर्ग सांभाळावेत, आणि साठा तिसऱ्या सत्रासाठी, म्हणजे घरात दाणा नसलेल्या महिन्यांसाठी राखावा. नोव्हेंबर-डिसेंबरात नवा तांदूळ घरी आलेला असतो. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस जेवण चालेल, जूनमध्ये नाही चालणार. ठरेल ते पालकांना सभेत सांगा, तारखेसह. एके दिवशी मुलांनी ताटली घेऊन यावं आणि चूल थंड दिसावी, असं होता कामा नये. ज्या घरांचा शाळेवरचा विश्वास आधीच कच्चा असतो ती घरं मुलीला दुसऱ्या दिवसापासून शेतावर नेतात.

आणि ताटांची वही त्या काळातही रोज भरा. चूल पेटली नाही त्या दिवशी शून्य लिहा, कारण लिहा, हजेरी लिहा. पुढच्या अर्जात सगळ्यात आधी हीच पानं उघडली जातील.